तक्त्याखालचं नाव

होळी झाली आणि सुरतेतल्या नवागामच्या त्या गल्लीतल्या हातपंपाला पिवळं पाणी यायला लागलं. पिवळं म्हणजे कसं, तर भात शिजवला की वरण न घालताच वरणभात दिसायचा! बायका आधी हसल्या. प्रमिलाबाई तर म्हणाली, "चला, हळदना खर्च वाचना." मग हंड्याच्या आतून बोट फिरवलं तर बोटावर गुलाबी साय. मग पोरांच्या पोटऱ्यांना खाज सुटली, साबण घासून घासून झिजला पण फेस येईना, तेव्हा कुठे हसणं थांबलं.

पंपाच्या समोरच लोटूचं घर. लोटू मूळचा अमळनेरकडचा, पण आता सुरतेत इतका मुरलेला की गावी गेला तर बैलालाही 'चलो' म्हणायचा. एका डाइंग मिलमध्ये जेट मशीनवर होता. जेट म्हणजे मोठं बंद भांडं, त्यात उकळत्या रंगाच्या पाण्यात कापड गरगर फिरतं, आणि रंग बसला की ते सगळं पाणी खाली सोडायचं. ते सोडायचं काम लोटूचं. माणूस घरी आला की त्याची नखं बघायची आणि सांगायचं, आज मिलमध्ये मोरपंखी चालू आहे, आज राणी. जेवताना उजव्या हाताचा रंग भाकरीला लागायचा, त्याचंही कोणाला काही वाटेनासं झालं होतं. बायको शोभाबाई दिवसभर दारात बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. आणि त्यांची एकुलती गायत्री, ती तर गल्लीची मास्तरीणच! अजून व्हायची होती, पण गल्लीनं आधीच करून टाकलेली.

गायत्री उधन्याच्या बाजूला एका ट्रस्टच्या मराठी अध्यापन मंदिरात शिकत होती, विज्ञानाच्या गटात. आणि तिथे होते वाल्मिक सर.

आता या वाल्मिक सरांचं काय सांगावं! बाकीच्या वर्गांना वाचनालयाचा तास म्हणजे डुलकीचा तास. दोन कपाटं, एक पंखा, पंख्याखाली जागा मिळाली की झालं. सर आले आणि म्हणाले, आजपासून हा माहितीचा तास. फळ्यावर लिहिलं, 'मीठ टाकलं की पाणी लवकर उकळतं.' आणि मागे वळून विचारलं, "खरं की खोटं?"

सगळा वर्ग एका सुरात, "खरं!"

"कोणी सांगितलं?"

तारा उठली. तारा म्हणजे गायत्रीच्या बाकावरची, तोंडाळ. "आईनं, सर."

"आईला कोणी सांगितलं?"

"आजीनं."

"आणि आजीला?"

"सर, आजी वारली."

वर्ग फुटला नुसता! सरही हसले. मग म्हणाले, "उद्या तुमच्यातलं कोणी वर्गावर उभं राहील, समोर साठ पोरं. तुम्ही बोलाल ते ती पोरं जन्मभर धरून चालतील. म्हणून तीन गोष्टी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. कोणी सांगितलं? त्याला कसं कळलं? आणि दुसरीकडे पडताळलं का?" मग स्टोव्ह पेटवला, दोन पातेली ठेवली, एकात मीठ, एकात नाही, आणि पोरी घाम पुसत त्या पातेल्यांकडे बघत राहिल्या, जणू काही घोड्यांची शर्यत. मिठाचं मागे पडलं. तारा म्हणाली, "आजीवर केस टाकायला पाहिजे."

गायत्रीला तर वेडच लागलं. घरी येऊन ती शोभाबाईला विचारायची, "माय, तुले कोनी सांगं?" शोभाबाई म्हणायची, "मन्ही सासूनी. जाय, तिले इचार." पण लोटूला मजा वाटायची. पोरगी विचारते, आपण सांगतो, ती डोळे मोठे करून ऐकते. दिवसभर मशीनच्या आवाजात कोण कोणाचं ऐकतंय!

तर सरांनी प्रत्येकीला एक विषय निवडायला सांगितला. विज्ञान प्रदर्शनात तक्ता लावायचा. गायत्री म्हणाली, आमच्या पंपाचं पाणी. सर खूश! म्हणाले, "असं पाहिजे. पुस्तकातला बेडूक नको." मग गायत्रीनं बाटल्या भरल्या, पंपाची एक, पलीकडच्या रस्त्यावरच्या महापालिकेच्या नळाची एक. दोन्हीत साबणाचा चुरा टाकून हलवल्या. नळाच्या पाण्याला गळ्यापर्यंत फेस, पंपाच्या पाण्यात नुसता दह्यासारखा साका. हे तिनं गल्लीतल्या बायकांना दारात उभं राहून दाखवलं आणि सांगितलं, मावशी, हे पिऊ नका. बायकांनी ऐकलं हो! भर उन्हात, रस्ता ओलांडून, ट्रकांच्या मधून जीव मुठीत धरून नळावरून हंडे आणायला लागल्या. प्रमिलाबाईचा गुडघा सुजला, तरी म्हणायची, "मास्तरीन सांगस ते झूट थोडंच ऱ्हाई!"

पण हे पाणी असं झालं कशानं, ते काही कळेना.

मग एका रविवारी सर स्वतः घरी आले. शोभाबाईची धांदल! ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, भरलेल्या मिरच्या, वांग्याचं भरीत. सर मांडी घालून बसले आणि बोलायला लागले ते थेट अहिराणीत. "भाऊ, कितला दिनमा कळनानी भाकर खाई राहिनू मी!"

लोटू विरघळलाच. शिकलेला माणूस आपल्या बोलीत बोलतो म्हणजे काय! "खावा सर, तुम्हनंच घर शे."

दुसरी भाकर मोडता मोडता सरांनी विचारलं, "भाऊ, तुम्हना मिलनं रंगनं पानी जास कोठे?"

"टाकीमा जास. त्या टाकीमा साफ करतंस." लोटूनं मिरचीचा देठ ताटाच्या कडेला ठेवला. "म्हंजे, तपासनारा साहेब उना का मंग टाकी. नही तं..."

"नही तं?"

शोभाबाई मध्येच म्हणाली, "जेवा ना मुकाट."

"आवं, आपलाच मानूस शे, त्याले काय लपाडानं!" लोटू म्हणाला. आणि त्यानं सांगून टाकलं. मिलच्या मागच्या आवारात एक जुनी बंद बोअर आहे, तिच्यात पाइप सोडलाय, दिवाळीपासून सगळं पाणी तिथं जातं, जमिनीत. पाइप धरायला तोच होता. खाली उतरताना पाणी असं गुडगुड करतं, म्हणाला, की पोटात कळ यावी.

गायत्री घास हातात धरून बसली होती. सर हात धुवायला उठले तेव्हा तिच्याकडे बघून नुसते हसले, म्हणजे बघ, मिळालं का नाही!

तक्ता करताना तिनं खाली लिहिलं होतं, 'एका कामगाराने दिलेली माहिती.' सरांनी बघितलं आणि मान हलवली.

"कोणता कामगार? नाव नसलं तर ती माहिती नाही, गप्पा झाल्या. आजीचं मीठ झालं ते."

"सर, पण ते आबा..."

"आबांचं नाव यायला लाज वाटते का तुला? मोठ्या शास्त्रज्ञांची नावं खाली असतात ना, तसं. एवढी वर्षं त्या माणसानं राबून हात रंगवले, कोणी कुठं नाव लिहिलं त्याचं?" मग जरा थांबून म्हणाले, "मिलचं नाव मात्र नको. उगाच भानगड. आणि मी आहे ना!"

आता सांगा, असं म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? तिच्या तर डोळ्यांत पाणी आलं. तिनं जाड निळ्या पेनानं लिहिलं, माहिती देणार : श्री. लोटू, जेट मशीन कामगार. सर म्हणाले, आणखी मोठं कर. तिनं गिरवून मोठं केलं. घरी तिनं काही सांगितलं नाही. तिला वाटत होतं, प्रदर्शन झालं की आबांना हात धरून न्यायचं आणि दाखवायचं, हे बघा.

प्रदर्शनाच्या दिवशी पाहुणे म्हणून ट्रस्टचे एक शेठ आले. ट्रस्टमध्ये कोण कोण आहे ते पोरींना कुठं ठाऊक! पण गायत्रीनं त्यांना बघताक्षणी ओळखलं. हा चेहरा तिच्या घरात भिंतीवर होता. मिलच्या दिवाळीच्या कॅलेंडरवर, देवाच्या खाली, गोल चौकटीत.

शेठ एकेक तक्ता बघत आले. हृदयाचं चित्र बघितलं, ज्वालामुखीतून धूर निघाला तर टाळ्या वाजवल्या. मग गायत्रीपुढे उभे राहिले. मराठी वाचायला वेळ लागला, ओठ हलत होते. बोट त्या बोअरच्या चित्रावर ठेवलं, मग खाली आणलं.

"आ लोटू कोण छे?"

गायत्रीनं सरांकडे बघितलं. सर जवळच होते, हात पाठीमागे बांधून. आत्ता बोलतील, तिला वाटलं. आत्ता म्हणतील, शेठजी, हे माझ्या वर्गाचं काम आहे.

आणि सर बोलले. "शेठजी, आपका ही आदमी है. जेट पे. लड़की का बाप लगता है." वर आणखी म्हणाले, "मैंने तो ना बोला था नाम लिखने को. ये लोग सुनते कहाँ हैं!"

ये लोग! ज्या ताटात कळण्याची भाकर खाल्ली ते ताट अजून घरच्या फळीवर सगळ्यात वर होतं.

शेठ चिडले वगैरे काही नाहीत. गायत्रीच्या डोक्यावर हात ठेवून "बहु सरस" म्हणाले आणि पुढच्या तक्त्याकडे गेले. तारानं तिचं मनगट धरलं होतं, ते तिला नंतर कळलं, बोटांचे वळ बघून.

दुसऱ्या दिवशी लोटू कामावर गेला आणि चहाची भांडी विसळून व्हायच्या आत परत आला. हातात डबा भरलेला. उंबऱ्यावर बसला. चपला काढल्या नाहीत.

शोभाबाईच्या हातातली साडी तशीच राहिली. "काय व्हयनं?"

"गेटवरथीन वापस धाडं." तो रस्त्याकडे बघून बोलत होता. "वॉचमन म्हने, तुनं नाव भीतवर लागेल शे. तठे मोठा मोठा अक्षरमा. मी म्हनं, कसानं नाव? तो म्हने, तुन्ही पोरले इचार."

गायत्री दप्तर भरत होती, तिथंच खाली बसली. "आबा, सर म्हने..."

"सर म्हने." लोटूनं पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "आनि मी कोन शे? माले एक शब्द इचारता नही उना तुले?" मग आवाज एकदम खाली आला. "मी सरले सांगं व्हतं. जेवता जेवता. भीतले नही सांगं."

तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलंच नाही. शोभाबाईनं डबा उघडला, भाजी परत पातेल्यात ओतली, भाकरी फडक्यात गुंडाळल्या, आणि दुपारी तीच भाजी तिघांनी खाल्ली. लोटूची नखं त्या दिवशी कालच्याच रंगाची होती. जांभळी.

मग रोज सकाळी तो तयार होऊन गेटवर जायचा, बाकड्यावर बसायचा, परत यायचा. बरोबरचे लोक आत जाताना त्याच्याकडे न बघता जायचे. एक जण तर चालता चालता चपलेचा पट्टा बघायला वाकला, गेट येईपर्यंत वाकलेलाच!

असं होता होता शनिवारी राघो आला. राघो म्हणजे मिलमधला मास्तर, शाळेतला नव्हे, मुकादमासारखा, मागच्याच गल्लीत राहणारा, शेठचं बोलणं इकडे पोचवणारा आणि इकडचं तिकडे. खाटेवर बसला, पाणी मागितलं, शोभाबाईनं नळाच्या हंड्यातलं दिलं.

"लोटूभाऊ, शेठ खराब मानूस नही. पोरनी फक्त सांगानं, मी मनथीन लिखं, माले कोनीच काही सांगं नही. तठेच, कॉलेजमा, सर्वासमोर. तू बी ये. बस, सोमवारथीन मशीनवर."

"आनि ती बोअर?" गायत्री बोलून गेली.

राघोनं पेला खाली ठेवला. "कसानी बोअर?"

मग लोटू म्हणाला, "सांगी दे पोरी." एवढंच.

त्या आधी गायत्री सरांना भेटली होती बरं का. वाचनालयात एकटे होते, पुस्तकांना कव्हरं घालत. ती म्हणाली, "सर, तुम्हीच म्हणालात ना, मोठं लिही."

सरांनी कात्री ठेवली. "गायत्री, समजून घे. मला जूनमध्ये कायम करायचं की नाही हे शेठच ठरवणार. माझी नोकरी गेली तर या पोरींना कोण शिकवणार?"

"आणि आबांची?"

"त्यांची परत मिळेल. मीच शब्द टाकलाय." असं म्हणताना त्यांचा चेहरा खरंच आपण उपकार करतोय असा होता! ती बघतच राहिली.

सोमवारी प्रार्थना झाली. सगळ्या पोरी रांगेत, समोर शिक्षक, मिलचा एक मॅनेजर, आणि त्यांच्या मागे भिंतीला टेकून लोटू. धुतलेला सदरा घालून आला होता, हात खिशात, रंग दिसू नये म्हणून. गायत्री पुढे गेली. वाल्मिक सर हळूच म्हणाले, "मोठ्यानं बोल, मागपर्यंत गेलं पाहिजे." वर्गात पाठ घेताना म्हणायचे ना, अगदी तसंच.

"बोअरचं मी मनानं लिहिलं," ती म्हणाली. "मला कोणी सांगितलं नाही."

मॅनेजरनं मागे वळून विचारलं, "बराबर, लोटूभाई?"

लोटूनं मान हलवली. मॅनेजर म्हणाला, बोलो. लोटू म्हणाला, "बराबर. मी काही सांगं नही."

संपलं. पोरी वर्गात गेल्या. आणि त्या दिवशी तिसरा तास कोणता असावा? माहितीचा! तारा म्हणाली, चल, आपण घरी जाऊ. पण गायत्री बसली. तिला वाटलं, सर आज दुसरं काहीतरी घेतील. निदान तिच्याकडे बघणार नाहीत.

सरांनी तिचा तक्ता काखेत धरून आणला. फळ्याला टेकवून उभा केला. खालच्या नावावर पांढरा कागद चिकटवलेला. पट्टी घेतली आणि म्हणाले, "आज आपण बघू या, चूक कुठे होते. बाटल्यांचा प्रयोग ठीक आहे. पण हे बोअरचं. कोणी सांगितलं? कोणी नाही. कसं कळलं? माहीत नाही. पडताळलं का? नाही. तर अशा माहितीला आपण काय म्हणायचं?"

पोरींनी वह्यांत डोकी घातली.

"बोला की. तारा?"

तारा उठून उभी राहिली. सरांकडे बघत राहिली, बघत राहिली, आणि म्हणाली, "सर, मला लाज वाटते." आणि बसली. कोणाची, ते तिनं सांगितलं नाही आणि सरांनीही विचारलं नाही. त्यांनी स्वतःच फळ्यावर लिहिलं, 'अफवा.' आणि पोरींनी वह्यांत उतरवून घेतलं. गायत्रीनंही घेतलं. हात आपला चालत राहिला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा पंपावर बायकांची ही गर्दी! प्रमिलाबाईनं पदर खोचून दांडा धरला होता. खाली हंडा. पाणी तसंच, पिवळं, वर आता जरा वासही येत होता, जळक्या रबरासारखा.

"मावशी, हे नका भरू," गायत्री धावत गेली.

प्रमिलाबाईनं दांडा थांबवला. घामानं कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत उतरलं होतं. "आते कसाले नको वं? राघो मास्तर सांगी गया सर्वासले. तूच म्हनी ना तठे, मनथीन लिखं?"

"ते मी... पाणी खराबच आहे मावशी."

"कोन सांगस?"

रागानं नव्हतं विचारलं तिनं. खरंच विचारलं होतं. गुडघा धरून उभी होती बिचारी, सांग म्हणाली असती तर परत हंडा उचलून नळाकडे निघाली असती. गायत्रीनं तोंड उघडलं. दारात लोटू बसला होता, कामावरून नुकताच आलेला, नखं ताजी हिरवी. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि नजर गल्लीच्या तोंडाशी नेली. तिथं सायकलला टेकून राघो उभा होता.

"मी सांगते," गायत्री म्हणाली.

"तू तं तेबी सांगं आनि हाईबी सांगस!" प्रमिलाबाई म्हणाली, आणि दांडा परत खालीवर व्हायला लागला. कर्र, कर्र, कर्र. मागून कोणीतरी म्हणालं, "मन्हा पाय तुटी गयात नळवर जाईसन." दुसरी म्हणाली, "शिकेल पोरीसना खेळ व्हस, आपला जीव जास."

राघो सायकल हातात धरून हळूहळू पंपापर्यंत आला. त्यानं लोटूच्या दारातल्या हंड्याकडे बघितलं. नळाचा हंडा, वर ओलं फडकं बांधलेला.

"काय लोटूभाऊ, तुम्ही आजून लांबथीन पानी आनतंस का?"

बायका थांबल्या. सगळ्यांच्या माना इकडे.

लोटू उठला. घरात गेला, रिकामा हंडा आणि पेला घेऊन आला. शोभाबाई "आहो" म्हणाली, तेवढंच. तो पंपाशी गेला, प्रमिलाबाईनं बाजूला होऊन जागा दिली. हंडा भरला. शोभाबाईनं पुढे होऊन तो उचलला आणि कमरेवर घेतला, तिचं लुगडं एका बाजूनं पिवळं ओलं झालं. लोटूनं पेला पंपाखाली धरला, काठोकाठ.

"कसं शे?" राघोनं विचारलं.

लोटूनं डोळे मिटले नाहीत. घोट घेतला, गिळला, आणखी एक घेतला. गळ्याची घाटी वरखाली झाली.

"चांगलं शे," तो म्हणाला.

आणि हात लांब करून उरलेला पेला त्यानं गायत्रीपुढे धरला. सगळी गल्ली बघत होती. तिनं दोन्ही हातांनी घेतला.